त्याच झाडांचा पाक, एका बाटलीत बुरशी आणि दुसरीत खडीसाखर

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घावन केले आणि मार्चमध्ये भरून ठेवलेल्या मेपल सिरपच्या दोन बाटल्या तळघरातून वर आणल्या. पहिलीचं झाकण फिरवलं तर आत पाकावर पांढुरकी, मध्येच हिरवट झाक असलेली चकती तरंगत होती, लोणच्यावर धरते तशी. दुसरी वरून लख्ख. पण बाटली उलटी केली तरी तळ हलेना. खाली बोटभर जाडीची खडीसाखर काचेला धरून बसली होती.

झाडं तीच, भांडं तेच, थर्मामीटर तोच. आणि वहीत दोन्ही घाण्यांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘१०४ ला उतरवला’. तरी एक पाक पातळ राहिला होता आणि दुसरा जास्त आटला होता. हे सलग तिसरं वर्ष. घावन शेवटी गुळाच्या रसाबरोबर खाल्ले.

आमचं घर कॅनडात, ओटावाच्या पश्चिमेला लॅनार्क काउंटीत आहे. हा भाग स्वतःला ऑन्टारिओची मेपल-राजधानी म्हणवतो, त्यामुळे मार्च लागला की रस्त्यावरच्या निम्म्या घरांमागून वाफा निघायला लागतात. मागच्या अंगणात शुगर मेपलची चार जुनी झाडं आहेत. रस काढायला तिघांच्या खोडात एकेक नळी ठोकलेली आणि चौथ्याचा बुंधा कवेत मावत नाही म्हणून त्याला दोन. रात्री शून्याखाली चार-पाच अंश आणि दिवसा शून्यावर चार-पाच अशी हवा लागली की रस ठिबकायला लागतो. रसात साखर जेमतेम दोन टक्के. एका नळीला हंगामभरात साधारण ४० लिटर रस येतो आणि तो आटवला की १ लिटर सिरप हातात पडतं. म्हणजे आमचा वर्षाचा ऐवज पाचेक लिटर. अर्ध्या लिटरची एक बाटली फेकायची म्हणजे २० लिटर रस, ढीगभर लाकडं आणि धुरात चोळलेले डोळे, सगळं एकदम फेकायचं.

पहिली दोन वर्षं मी भलतीकडेच शोधत होतो. ते आधी सांगतो, कारण ज्यांच्या बाटल्या बिघडतात ते बहुतेक याच वाटेने जातात.

बुरशी म्हटल्यावर पहिला संशय बाटलीवर. मी बाटल्या उकळल्या, झाकणं नवी आणली, भरताना डावाला हात लागू दिला नाही. पुढच्या वर्षी बुरशी कमी झाली, गेली नाही. खडे धरले तेव्हा संशय गाळणीवर, मग लोकरीचं नवं गाळण आणलं. खडे तसेच. तिसरा संशय हंगामाच्या शेवटच्या रसावर. झाडाला कळ्या फुगायला लागल्या की रसाला एक कुबट चव येते, तो रस वापरू नये हे खरं. पण माझा बुरशीचा घाणा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला होता, तेव्हा कळ्या कुठल्या?

दोन उलटे रोग एकाच घरात पाहून मी दोन वेगवेगळी औषधं शोधत होतो, तिथेच चुकलो. कारण एकच होतं.

६६ चा आकडा

मेपल सिरप म्हणजे हिशेबापुरतं साखरेचं पाणी. शंभर ग्रॅम पाकात किती ग्रॅम साखर, त्या मोजमापाला ब्रिक्स म्हणतात. कॅनडात विकायच्या सिरपला ६६ ते ६८.९ ब्रिक्स लागतात. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये किमान ६६.९. मी सिरप विकत नाही, म्हणून हे आकडे माझ्यासाठी नाहीत अशी माझी समजूत होती. पण ते कुणा बाबूने हवेतून काढलेले नाहीत. २० अंश सेल्सियसला पाण्यात साखर साधारण ६७ टक्क्यांपर्यंतच विरघळलेली राहते. पाक त्यापेक्षा बराच घट्ट केलात तर जादा साखर आज ना उद्या खाली बसणार. ६६ च्या खाली राहिलात तर पाकात मोकळं पाणी उरतं आणि बुरशीला, यीस्टला तेवढं पुरे होतं. मधली वाट दोन-अडीच ब्रिक्स रुंद, बस्स.

इथले मूळ रहिवासी अल्गॉन्क्विन आणि त्यांचे इतर अनिशिनाबे भाऊबंद पूर्वी या रसाची मुख्यतः कोरडी साखर करायचे आणि बर्चच्या सालीच्या डब्यांत भरून ठेवायचे. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला यातलं शहाणपण लगेच कळतं. काकवी जपावी लागते, गुळाच्या ढेपेची तेवढी काळजी नाही.

आता पाक ६६ ला आला हे ओळखायचं कसं? साखर वाढते तसा पाक जास्त तापमानाला उकळतो. ६० ब्रिक्सचा पाक पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ३ अंश वर उकळतो, ६६ चा ४ अंश वर, ७० चा ५ अंशांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे एका अंशाची चूक झाली की तुम्ही एकतर ६० वर असता नाहीतर ७० वर. पुस्तकांत आणि डब्यांवर लिहिलेलं असतं, ‘२१९ फॅरनहाइटला उतरवा’, म्हणजे आपले १०४ सेल्सियस. मी ते गुरुमंत्रासारखं धरलं होतं.

पाणी कितीला उकळलं?

आमच्या रस्त्याच्या टोकाला ऐंशीच्या घरातले एक शेतकरी राहतात. तीनशे नळ्या, लाकडावर चालणारी मोठी भट्टी, आणि बोलणं मोजकं. दोन्ही बाटल्या पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खडीसाखरेची बाटली उजेडात धरली, बुरशीचीचं झाकण उघडून वास घेतला आणि एवढंच विचारलं, “या दोन्ही दिवशी पाणी कितीला उकळत होतं?”

मी म्हटलं, “शंभरला. आणखी कितीला उकळणार?”

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

शाळेत शिकलेलं असतं, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. पाणी शंभरला उकळतं ते समुद्रसपाटीला, हवेचा दाब ठरावीक असेल तेव्हा. उंचीवर गेलं की दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी होतो. कोल्हापुरात पाणी ९८ च्या आसपास उकळतं. आमच्या गावाची उंची दीडशे मीटरच्या आतबाहेर, म्हणजे इथे अर्धा अंश तसाच गेला. तो निदान रोजचा. खरा घोळ हवेचा दाब घालतो. स्वच्छ, कडक थंडीच्या दिवशी दाब चढलेला असतो. ओला बर्फ किंवा पाऊस घेऊन वादळ येतं तेव्हा तो पडतो. १०३० हेक्टोपास्कलवरून ९९० वर आला तर उकळबिंदू एका अंशाहून जास्त खाली येतो. आणि मार्चमध्ये इकडे दोन्ही प्रकारचे दिवस एकाच आठवड्यात येतात, त्या चढउतारावरच तर रस वाहतो.

पुढच्या फेब्रुवारीत मी एक उद्योग केला. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की चहा-साखर पडायच्या आधी थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहायचा. बायको म्हणाली, “आता चहालाही ताप मोजायचा का?” तीन आठवडे मोजला. निळं आकाश आणि नाक गोठवणारी थंडी होती त्या सकाळी १००.६. वादळाच्या सकाळी, खिडकीवर ओला बर्फ आपटत होता तेव्हा, ९९.३. थर्मामीटर एकच, पातेलं एकच, सव्वा अंशाचा फरक.

१००.६ बघून आणखी एक गोष्ट कळली. आमच्या उंचीवर, दाब कितीही चढला तरी, पाणी तेवढ्याला उकळणं कठीण. म्हणजे थर्मामीटर स्वतःच जवळजवळ अर्धा अंश वर दाखवत होता. मिठाई करायचे स्वस्त थर्मामीटर असे निघतात, आणि पाक करणाऱ्याला अर्धा अंश म्हणजे तीन ब्रिक्स.

मग जुनी वही काढली. बुरशी धरलेल्या घाण्याच्या दिवशी लिहिलं होतं, ‘ऊन, रात्री उणे ९’. खडे धरलेल्या घाण्याच्या दिवशी, ‘ओला बर्फ, वारा, धूर घरात’. समजा पहिल्या दिवशी माझ्या थर्मामीटरवर पाणी १००.६ ला उकळत होतं. मग पाक १०४.६ ला उतरवायला हवा होता आणि मी तो १०४ लाच उतरवला. पाण्यापेक्षा ३.४ अंश वर, म्हणजे ६२-६३ ब्रिक्स. बुरशीला आमंत्रण. दुसऱ्या दिवशी पाणी ९९.३ धरलं तर १०३.३ ला थांबायचं होतं, मी १०४ पर्यंत ताणलं. ४.७ अंश वर, म्हणजे ६८ च्या पुढे. तळघराच्या गारव्यात त्याची खडीसाखर व्हायला सहा महिने पुष्कळ झाले.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मामांना फोनवर सांगितलं. मामांनी कागल भागात पंचवीस-तीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, आमचा गुळव्या काय डिग्री बगतोय व्हय? पाक बगायचा. पाण्यात टाकायचा, गोळी बगायची.” बरोबर आहे. गोळी पाकाच्या घट्टपणावर होते, हवा कशीही असो. पण गुळव्याचे डोळे चुलवाणासमोर तीस हंगाम तापलेले असतात. माझे वर्षातून तीन शनिवार. शिवाय गूळ पुष्कळ पुढे नेऊन थांबवतात, तिथे चार ब्रिक्स इकडेतिकडे झाले तर ढेप जरा मऊ किंवा जरा कडक होते एवढंच. सिरप एकतारी पाकाच्याही अलीकडे थांबवावं लागतं. तार दिसली म्हणजे गाडी स्टेशन सोडून पुढे गेली.

आता असं करतो

सकाळी ताजा रस पहिल्यांदा खळाळून उकळला की त्यातच थर्मामीटर धरतो. दोन टक्के साखरेने उकळबिंदू म्हणावा तसा हलत नाही, त्यामुळे तो आकडा पाण्याचाच समजायला हरकत नाही. थर्मामीटर चुकीचा असला तरी चालतं, कारण तो दोन्ही वेळी सारखाच चुकतो आणि आपल्याला हवा असतो फक्त वरचा ४ अंशांचा फरक. (व्हरमाँटचं ६६.९ हवं असेल तर सव्वाचार धरा. मी तेच धरतो, इकडच्या ४ ला जरा काठावर बसल्यासारखं वाटतं.) रस आटवणं आठ-दहा तास चालतं, तेवढ्यात हवा फिरू शकते. म्हणून शेवटच्या टप्प्याआधी शेजारच्या शेगडीवर साधं पाणी उकळून आकडा पुन्हा घ्यायचा. फोनवरच्या हवामानातला दाब बघून गणित करू नका. तो समुद्रसपाटीचा करून दाखवलेला असतो, तुमच्या अंगणातला नसतो.

शेवटचा टप्पा बाहेरच्या पसरट भांड्यात मी आता करतच नाही. तिथे पाक दोन बोटं खोल उरतो आणि थर्मामीटरचं टोक धड बुडत नाही. टोक अर्धं वाफेत असेल तर आकडा कमी येतो, तळाला टेकलं तर जास्त. पाक ५० ब्रिक्सच्या पुढे गेला, म्हणजे पाण्यापेक्षा दोनेक अंश वर उकळायला लागला, की तो उंच, अरुंद पातेल्यात ओतून घरात गॅसवर घेतो. पूर्ण आटवणी घरात करायचा मोह कुणाला होत असेल तर सांगतो, जवळजवळ दोनशे लिटर पाण्याची वाफ भिंतींवर बसते आणि तिच्याबरोबर थोडी साखरही. आमच्या एका ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरातला वॉलपेपर त्यात सुटला.

६० पासून ६६ पर्यंतचा प्रवास फार लहान असतो. पाच-सहा किलो पाकातून अर्धा लिटर पाणी जायचं, की झालं. मोठ्या बर्नरवर दहाएक मिनिटांचा खेळ. तेवढ्यात फोन उचलायला गेलात की ६९. ३ अंशांचा फरक दिसला की आच निम्मी करतो. याच वेळी पाक एकदम फसफसून वर येतो, तेव्हा लोण्याचा वाटाण्याएवढा गोळा आत टाकला की खाली बसतो. गुऱ्हाळात काहिलीला एरंडेलाचा नाहीतर शेंगतेलाचा शिंतोडा मारतात, तेच हे. झारा बुडवून आडवा धरला की आधी सुटे थेंब पडतात, मग दोन थेंब एकमेकांत मिसळून कडेला पडद्यासारखे लोंबतात. इकडचे जुने लोक त्यावरच उतरवतात. मी त्याला सूचना मानतो, निकाल नव्हे.

हायड्रोमीटरचे घोटाळे

निकाल हायड्रोमीटरने. पाक किती घट्ट झाला ते दाखवणारी काचेची तरंगती नळी, आतल्या कागदावर दोन लाल रेघा, एक गरम पाकाची आणि एक थंड पाकाची. किंमत फार नाही, आणि हाच पहिल्या वर्षी घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्यानेही मला दोनदा फसवलं आहे.

गरम रेघ उकळत्या पाकासाठी असते, साधारण ९९ अंशांसाठी. मी पाक लांबट कपात ओतायचो, मग हायड्रोमीटर शोधायचो, मग चष्मा. तोवर पाक कपाच्या थंड धातूला लागून निवलेला असायचा. निवलेला पाक घट्ट होतो आणि नळी वर उचलली जाते. रेघ पृष्ठभागाला टेकलेली दिसते, आणि आपण कच्चाच पाक ‘झाला’ म्हणून उतरवतो. बुरशीचा आणखी एक रस्ता. आता कप आधी उकळत्या पाकात बुडवून तापवून घेतो आणि हायड्रोमीटर हातात असल्याशिवाय पाक ओतत नाही.

दुसरा घोटाळा उलटा. नळी नीट न धुता ठेवली तर तिच्यावर पाकाचा आणि गाळाचा पातळ थर बसतो. नळी जड होते, जास्त बुडते, आणि आपण तयार पाक आणखी आटवत बसतो. ती गरम पाण्यात धुवून, पुसून ठेवायची. आतला कागद सरकलेला नाही ना हेही हंगामाच्या सुरुवातीला पाहायचं. तो दोन मिलिमीटर खाली आला असेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

हायड्रोमीटर नसेल, किंवा त्याच्यावर संशय असेल, तर माझ्या तराजूचा उपाय आहे. हा मला कुणी सांगितलेला नाही, त्यामुळे याचा अभिमान मला जरा जास्तच आहे. निमुळत्या गळ्याची बाटली घ्या आणि गळ्यावर चिकटपट्टीची खूण करा. रिकामी बाटली तराजूवर ठेवून शून्य करा. खुणेपर्यंत बरोबर ५०० ग्रॅम पाणी बसेल अशी खूण शोधा. मग बाटली कोरडी करून खोलीच्या तापमानाला आलेला पाक त्याच खुणेपर्यंत भरा, बुडबुडे वर येऊ द्या आणि वजन घ्या. ६६ ब्रिक्सचा पाक ६६२ ग्रॅम भरतो. ६७ चा ६६६ च्या आसपास. ६४४ आले तर तुमचा पाक ६० चा आहे, ६७५ आले तर ७० चा. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला तराजू पुरतो. पाक निवेपर्यंत थांबावं लागतं एवढीच खोट.

तळाशी बसलेलं सगळंच खडीसाखर नसतं

तळाला काहीतरी दिसलं की लोक ‘साखर झाली’ म्हणून पाक पातळ करायला घेतात. आधी चमचाभर काढून कपभर गरम पाण्यात ढवळा. विरघळलं तर साखर. पाणी गढूळ होऊन खाली बारीक वाळू बसली तर ती इथे ज्याला ‘शुगर सँड’ म्हणतात ती. नावात शुगर आहे, पण ती साखर नव्हे. रसातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल पाक घट्ट होताना एकत्र येऊन खाली बसतात, ती ही वाळू. दाताखाली कचकचते, अपाय काही नाही. तिचा पाकाच्या घट्टपणाशी संबंध नाही, गाळण्याशी आहे. पाक उतरवल्याबरोबर, चांगला कडकडीत असतानाच लोकरी गाळणातून जायला हवा. आत कागदी गाळणाचे दोन-तीन पदर घातले की तुंबलेला वरचा पदर उचलून टाकता येतो. निवलेला पाक गाळणात तासन्‌तास लोंबत राहतो. एका रात्री मी तो पिळायचा प्रयत्न केला. त्याने सगळी वाळू कापडातून खाली उतरली.

वरच्या बाजूचीही अशीच गल्लत होते. पांढरी चकती किंवा जाळं असेल तर बुरशी. झाकण फुगलेलं, उघडताना ‘फुस्स’, आणि वासाला शिळ्या ताकाकडे किंवा दारूकडे झुकणारं असेल तर पाक आंबला आहे. आंबलेला सरळ ओतून द्यायचा. बुरशी वरून काढून, पाक उकळून, गाळून खायची पद्धत इकडे जुनी आहे, शेजारचे आजोबाही तेच करतात. मी करत नाही. काही बुरशांची विषं उकळून जात नाहीत, आणि २० लिटर रसाचं दुःख पोटाच्या दुखण्यापेक्षा बरं.

पातळ राहिलेला पण अजून न बिघडलेला पाक वाचवता येतो, आणि तोही तराजूवरच. समजा तुमच्याकडे ६० ब्रिक्सचा एक किलो पाक आहे. त्यातली ६०० ग्रॅम साखर कुठे जात नाही. ती ६६ टक्के व्हायची तर एकूण वजन ९०९ ग्रॅमवर यायला हवं. म्हणजे पातेल्यासकट वजन करा आणि ९० ग्रॅम कमी होईपर्यंत उकळा. थर्मामीटर नको, हवामान नको. पुन्हा गाळा, कारण उकळीने थोडी नवी वाळू तयार होते.

खडे धरलेल्या बाटलीतला वरचा पाक मात्र चांगलाच असतो. जादा साखर खाली सोडून तो स्वतःच ६७ च्या आसपास येऊन थांबलेला असतो. तो ओतून घ्या आणि खा. खडे विरघळवायचे असतील तर बाटली गरम पाण्यात ठेवून भागत नाही, निवल्यावर ते परत येतात. ७० ब्रिक्सच्या एक किलो पाकात ६० ग्रॅम पाणी घालून उकळी आणली की ६६ होतो. आमच्या घरी हा प्रश्न मुलांनी सोडवला. खडे चमच्याने खरवडून खाल्ले आणि ‘पुढच्या वर्षी पण असंच कर’ म्हणून सांगितलं.

भरताना पाक ८२ ते ८५ अंशांना ठेवतो. त्याखाली भरला तर पाक नेमका ६६ चा असूनही झाकणाखाली बुरशी धरू शकते. भरल्याबरोबर बाटली दोन मिनिटं आडवी करायची, म्हणजे गरम पाक झाकणाच्या आतल्या बाजूलाही लागतो. पण भरण्यासाठी पुन्हा तापवताना ८८ च्या वर नेऊ नका. वाळू नव्याने बनते आणि गाळून लख्ख झालेला पाक पुन्हा धुरकट होतो. पातेल्यावर झाकण ठेवा, नाहीतर शेवटच्या बाटलीला जाईपर्यंत पाक आटून वर सरकतो. माझ्या घाण्यांतली शेवटची बाटली बहुधा सगळ्यांत घट्ट का असायची, ते हे कळल्यावर लक्षात आलं.

यंदाच्या बाटल्यांवर तारखेखाली दोन आकडे लिहिले आहेत. एका घाण्यावर ‘पाणी १००.२, पाक १०४.५’, दुसऱ्यावर ‘पाणी ९९.४, पाक १०३.७’. दोन्ही तराजूवर ६६५ भरले. उघडलेली बाटली मात्र, पाक कितीही नेमका असला तरी, बाहेर ठेवायची नाही. झाकण उघडं-बंद करताना वाफ आत धरते, वरचा थर पातळ होतो आणि बुरशीला तेवढी जागा मिळते. तिची जागा फ्रीजमध्ये. आणि दिवाळीपर्यंत टिकवायची बाटली मी आता सरळ फ्रीजरमध्ये टाकतो. तिथेही हा पाक दगड होत नाही, चमचा घातला तर आत जातो.